जेलीसुद्धा सॅलडच

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात, म्हणजे आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटा या बाजूला, चर्चच्या सामुदायिक जेवणात एक पदार्थ हटकून असतो. आंबट हिरव्या सफरचंदाच्या फोडी, त्यात स्निकर्स चॉकलेटचे तुकडे आणि हे सगळं डब्यातल्या फेटलेल्या गोड क्रीममध्ये कालवलेलं. कुणी त्यात व्हॅनिला पुडिंगही घालतं. याचं नाव स्निकर्स सॅलड. शेजारी कुकी सॅलड असतं: ताक, पुडिंग, क्रीम, डब्यातल्या संत्र्याच्या पाकळ्या आणि वरून चॉकलेटचे पट्टे असलेली बिस्किटं. त्याच्या शेजारी हिरवीगार, हलवली की थरथरणारी जेली. तिच्यात अननस आणि कॉटेज चीज, क्वचित किसलेलं गाजर.

या तिन्ही पदार्थांची जागा मिठाईच्या टेबलावर नाही. केक आणि पाय तिकडे पलीकडच्या टेबलावर असतात. ही मंडळी हॉटडिश नावाच्या भाजलेल्या मांस-बटाट्याच्या शेजारी, पावाच्या अलीकडे मांडलेली असतात. लोक एकाच ताटलीत मांस, बटाटा आणि चॉकलेटचं सॅलड वाढून घेतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाहून आलेल्या पाहुण्याला मात्र वाटतं. सॅलड म्हणजे पानं, तेल आणि व्हिनेगर अशी त्याची पक्की समजूत असते. मग तो घरी जाऊन मित्रांना रंगवून सांगतो, की तिकडे चॉकलेटलाही सॅलड म्हणतात. या थट्टेला आता इतकी वर्षं झाली आहेत, की मिनेसोटाचे लोक स्वतःच ती आधी करून टाकतात.

पण या जेलीमागे बराच इतिहास आहे.

जिलेटिन ही एकेकाळी श्रीमंतांच्या घरची चीज होती. वासराचे पाय तासन्‌तास उकळायचे, वरची चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने रस्सा नितळ करायचा, गाळायचा, थंड जागी ठेवायचा. एवढं करायला नोकर लागत आणि थंडावा राखायला बर्फघर. १८४५ मध्ये पीटर कूपर या अमेरिकन उद्योगपतीने जिलेटिनच्या पुडीचं पेटंट घेतलं. त्याचा सरसाचा कारखाना होता. सरस आणि जिलेटिन ही एकाच हाडा-कातड्याची लेकरं, तेव्हा त्याला हे सुचणं साहजिक होतं. पण पेटंट घेऊनही त्याने त्याचं फारसं काही केलं नाही. पुढे १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ले रॉय या गावी पर्ल वेट नावाच्या सुताराने, जो जोडधंदा म्हणून खोकल्याची औषधं बनवायचा, जिलेटिनमध्ये साखर आणि फळांचा स्वाद मिसळला. त्यालाच जेल-ओ हे नाव मिळालं. माल काही खपेना. दोन वर्षांत त्याने सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला ४५० डॉलरला विकून टाकले. वुडवर्डने जाहिराती केल्या, पाककृतींच्या पुस्तिका घरोघर वाटल्या आणि तो गबर झाला.

तरीही प्रश्न उरतोच. जेली खपली हे ठीक, पण ती सॅलड कशी झाली?

याचं उत्तर त्या काळच्या ‘गृहविज्ञान’ चळवळीत सापडतं. बोस्टन कुकिंग स्कूल १८७९ मध्ये सुरू झालं आणि पुढे फॅनी फार्मर तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचं १८९६ चं पुस्तक सपाट चमच्याच्या आणि सपाट कपाच्या मापामुळे गाजलं. स्वयंपाकही प्रयोगशाळेइतकाच शास्त्रशुद्ध, स्वच्छ आणि आटोपशीर असावा असा या बायकांचा आग्रह होता. त्यांच्या नजरेला ताटलीत अस्ताव्यस्त पसरलेली कच्ची पानं खुपायची. मग सॅलडला शिस्त लावणं सुरू झालं. ते टोमॅटोच्या वाटीत बसवा, लिंबाच्या सालीच्या टोपलीत भरा, पानांचा द्रोण करून त्यात ठेवा. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे ते जिलेटिनमध्ये कोंडा, म्हणजे एक तुकडा इकडचा तिकडे हलायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्वेनियातल्या एका गृहिणीच्या ‘परफेक्शन सॅलड’ला जिलेटिनच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. बारीक चिरलेली कोबी, सेलरी आणि लाल मिरची आंबटगोड जेलीत गोठवलेली, असं ते सॅलड. लॉरा शापिरो या अभ्यासक लेखिकेने १९८६ मध्ये या सगळ्या चळवळीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला याच सॅलडचं नाव दिलं.

पुढचं काम फ्रिजने केलं. घरात विजेचा फ्रिज असला की जेली हमखास गोठते. त्यामुळे पाहुण्यांपुढे साच्यातून काढलेली अखंड जेली ठेवणं ही न बोलता दिलेली वर्दी होती, की आमच्याकडे फ्रिज आला आहे. मंदीच्या काळात तिचा आणखी एक फायदा दिसला: उरलेसुरले तुकडे जेलीत घातले की नवा पदार्थ म्हणून खपतात. आणि मिनेसोटाचा हिवाळा लक्षात घ्या. महिनोन्‌महिने बाहेर बर्फ, परसात हिरवं पान नाही. कोबी, सफरचंद, गाजर आणि डबाबंद फळं एवढ्यावरच सॅलड बेतायचं. साठच्या दशकात तर जेल-ओने सेलरी, टोमॅटो आणि ‘मिश्र भाजी’ अशा स्वादांच्या पुड्याही बाजारात आणल्या. त्या टिकल्या नाहीत, हे बरंच झालं. पण गोड जेली टिकली. यूटा राज्यात, जिथे मॉर्मन पंथीयांची मोठी वस्ती आहे, २००१ मध्ये विधिमंडळाने ठराव करून जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं. पुढच्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक भरलं, तेव्हा हिरव्या जेलीचा बिल्ला संग्राहकांनी झुंबड करून उचलला.

आता माझं मत सांगतो. मध्य-पश्चिमेच्या गोड सॅलडचं मूळ रहस्य जेलीतही नाही आणि फ्रिजमध्येही नाही. ते जेवणाच्या क्रमात आहे. अमेरिकन जेवणात गोड शेवटी खायचं असा दंडक आहे. डेझर्ट म्हटलं की ताटली बदलते, चमचा बदलतो, आधीचं संपवल्याशिवाय मुलांना ते मिळत नाही. पण खारट मांसाबरोबर काहीतरी आंबटगोड, गार, मऊ हवं ही जिभेची मागणी तर आहेच. (थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा गोड ठेचा त्याचसाठी असतो.) अशा वेळी त्या गोडाला ‘सॅलड’ म्हटलं की ते जेवणाच्या मध्यावर, मांसाच्या मांडीला मांडी लावून बसू शकतं. ‘सॅलड’ हा त्याला मिळालेला परवाना आहे.

मराठी माणसाला असा परवाना कधी लागलाच नाही. आपलं श्रीखंड पुरीबरोबर, भाजीच्या शेजारी येतं. पुरणपोळीच्या जोडीला कटाची आमटी असते आणि दोन्ही एकाच वेळी ताटात असतात. गोड शेवटी खायचं ही आपल्याकडे अलीकडे, हॉटेलांमुळे आणि लग्नातल्या बुफेमुळे रुळलेली सवय आहे. पानात वाढायच्या काळात प्रश्न गोड की तिखट असा नव्हताच. प्रश्न होता डावीकडे की उजवीकडे. वर मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. डावीकडचं चवीपुरतं, उजवीकडचं पोटापुरतं. डावीकडच्या पदार्थांनी पोट भरणाऱ्याकडे वाढपी जरा संशयानेच बघायचा.

या डाव्या-उजव्याची गंमत केळ्यात सर्वांत चांगली दिसते. केळ्याच्या चकत्या दह्यात घाला, चवीला मीठ-साखर, वरून मोहरी-मिरचीची फोडणी: झाली केळ्याची कोशिंबीर, जागा डावीकडे. त्याच चकत्या दुधात घाला, साखर आणि वेलची टाका: झालं शिकरण, ते वाटीत, पोळीशी खायचं. दुधाचं दही झालं आणि पदार्थाने बाजू बदलली. साखर दोन्हीत आहे, फळ दोन्हीत आहे. मिनेसोटाच्या आजीबाईंना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. त्यांच्याकडेही कुठलं क्रीम सॅलडमध्ये आणि कुठलं पायवर हे ठरलेलं आहेच.

त्यात आपल्याकडे ‘फ्रूट सॅलड’ आहे. मराठी आणि गुजराती घरांत फ्रूट सॅलड म्हणजे कस्टर्ड पावडर घालून दाट केलेल्या गार दुधात केळं, सफरचंद, चिकू, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे. एक काळ असा होता, की लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाला पर्याय म्हणून फ्रूट सॅलड-पुरी असायची, आणि ती ज्या घरी असेल ते घर जरा आधुनिक समजलं जायचं. ही कस्टर्ड पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने तयार केली. त्याच्या बायकोला अंडं चालत नसे आणि खरं कस्टर्ड तर अंड्याच्या बलकानेच दाट होतं. म्हणून त्याने मक्याच्या पिठाने दाट होणारं, अंडं नसलेलं कस्टर्ड शोधलं. एका इंग्रज बाईच्या पथ्यामुळे असा एक विलायती पदार्थ जन्माला आला, की जो पुढे शाकाहारी स्वयंपाकघरात बिनतक्रार शिरला. जेलीचं तसं झालं नाही. जिलेटिन हाडा-कातड्याचं हे कळल्यावर आपल्याकडे समुद्री शेवाळापासून निघणाऱ्या चायना ग्रासचा आधार घ्यावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाला पुरीबरोबर कस्टर्ड खाताना आपण दिसलो, तर तो स्निकर्स सॅलडला हसला त्याहून कमी हसणार नाही.

नावांचा खरा गोंधळ बघायचा तर युरोपात जायला हवं. मॉस्कोत १८६० च्या दशकात हर्मिटाज नावाचं बडं रेस्तराँ होतं. तिथला खानसामा ल्युसियाँ ऑलिव्हिए याने एक सॅलड गाजवलं. त्याची नेमकी कृती त्याने गुपित ठेवली आणि १८८३ मध्ये तो वारला. नंतर छापल्या गेलेल्या कृतींमध्ये रानपक्ष्याचं मांस, नदीतल्या झिंग्यांच्या शेपट्या, केपर अशी श्रीमंती सामग्री दिसते. क्रांतीनंतर ना तो रानपक्षी राहिला ना तो गिऱ्हाईक. सोव्हिएत काळात त्याच नावाखाली उकडलेला बटाटा, गाजर, अंडी, खारवलेली काकडी, डब्यातले मटार आणि सॉसेज आले. सगळं मटाराच्या आकाराचं चिरायचं आणि मेयोनेजमध्ये कालवायचं. आजही रशियात ३१ डिसेंबरच्या रात्री ‘ऑलिव्हिए’ नसेल तर नवं वर्ष आल्यासारखं वाटत नाही. तिथे त्याला रशियन सॅलड कुणीच म्हणत नाही.

बाहेर मात्र ते रशियन. स्पेनमध्ये, इटलीत, दक्षिण अमेरिकेत, आणि आपल्या बुफेतही. आपण त्यातलं सॉसेज काढलं, अंडं काढलं, बिनअंड्याचं मेयोनेज आणलं आणि वर डबाबंद अननस टाकला. हंगेरीत आणि क्रोएशियात जवळजवळ हाच पदार्थ ‘फ्रेंच सॅलड’ आहे. डेन्मार्क-नॉर्वेत त्याचा भाऊबंद ‘इटालियन सॅलड’ आहे. इटालियन माणूस तेच खाताना रशियाचं नाव घेतो. फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये रशियाचं नाव नको म्हणून त्याला ‘राष्ट्रीय’ म्हणायचा घाट घातला गेला. तुर्कस्तानात शीतयुद्धाच्या दिवसांत तेच सॅलड ‘अमेरिकन’ झालं. इराणमध्ये कोंबडी घालून करतात आणि तिथे मात्र खानसाम्याचं नाव शाबूत आहे: सालाद ओलिविये. बटाट्याच्या एका काल्याने इतक्या देशांचं नागरिकत्व घेतलेलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

यात कुठेही कच्चं पान नाही, हेही ध्यानात घ्या. जर्मनीत तर सॅलड म्हटलं की पहिल्यांदा बटाटाच आठवतो. उत्तरेत तो मेयोनेजमध्ये, दक्षिणेत गरम रश्शात आणि व्हिनेगरमध्ये. दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या बटाट्याला नाकं मुरडतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कितीतरी जर्मन घरांत जेवण एवढंच असतं: सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड. ‘मांसाचं सॅलड’ नावाचा सॉसेजच्या पट्ट्यांचा मेयोनेजमधला प्रकार पावाला फासून खातात. ग्रीसमध्ये भाजलेल्या वांग्याचा लसूण-लिंबू-तेल घातलेला गर हे सॅलड, माशाच्या गाभोळीची चटणी हेही सॅलड. ग्रीकांच्या प्रसिद्ध ‘गावरान’ सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि फेटा चीजची अख्खी वडी असते, पण लेट्युसचं पान नसतं.

वांग्याचं ऐकून कुणालाही भरीत आठवेल. आपल्या भरताची गत तीच आहे. दही घातलेलं भरीत पानात डावीकडे येतं, कोशिंबिरीची सख्खी बहीण म्हणून. खानदेशात मात्र कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि सढळ तेल घातलेलं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर मुख्य जेवण म्हणून बसतं. शेतात भरीत पार्टी होते ती डाव्या बाजूच्या पदार्थासाठी नव्हे. ग्रीक माणूस दोन्हींना सॅलड म्हणून मोकळा होईल. जळगावकराला तसं म्हणून पाहा.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात किसमूर करतात. सुकी सुंगटं किंवा सुके बांगडे भाजायचे, त्यात ओलं खोबरं, कांदा, तिखट, आंबटपणाला चिंच किंवा सोलं. हे हुमण-भाताच्या कडेला चिमूटभर खायचं असतं. इंग्रजी पाककृतींत त्याला सुक्या माशांचं सॅलड म्हटलेलं दिसतं, आणि खाणारा गोंयकार ते वाचून बुचकळ्यात पडतो. थायलंड-लाओसच्या ‘लाप’चीही तीच कथा. खिमा, लिंबू, माशाचं पाणी, पुदिना आणि भाजलेल्या तांदळाची भरड, असा हा पदार्थ इंग्रजी मेनूत ‘मीट सॅलड’ होतो. त्याला दुसरा खण सापडला नाही, एवढंच त्याचं कारण.

ताटातली जागा एक झाली, वेळ हा दुसरा भाग. फ्रान्समध्ये जुन्या रीतीचं जेवण असेल तर मांसानंतर, चीजच्या आधी, तेल-व्हिनेगर लावलेली नुसती हिरवी पानं येतात. जड जेवणावर तोंड स्वच्छ करणं हे त्यांचं काम. अमेरिकन रेस्तराँत तीच पानं सर्वांत आधी येतात, गिऱ्हाइकाचं लक्ष स्वयंपाकघराच्या दिरंगाईवरून हटवायला. आपल्याकडच्या हॉटेलात ‘ग्रीन सॅलड’ मागवलं तर काकडी, टोमॅटो, कांदा, गाजर, कधी बीट आणि मुळा यांच्या चकत्या गोल मांडून येतात. वर लिंबाची फोड आणि एक हिरवी मिरची. त्यात हिरवं त्यातल्या त्यात मिरचीच असते. फ्रेंच माणसाच्या दृष्टीने हे सॅलड नाही, चिरून ठेवलेली तयारी आहे. कालवायचं कुणी? आणि आता आहारतज्ज्ञ सांगतात की जेवणाआधी वाडगाभर सॅलड खा. त्यामुळे डाव्या बाजूचा चमचाभर पदार्थ एकदम वाडग्यात बसला आहे. काकडीची कोशिंबीर इतकी खायची म्हटली तर दाण्याच्या कुटानेच पोट भरायचं.

जपानने तर सॅलडमधून भाजीच काढून टाकली. तिथे दुकानात ‘सॅलड चवीची’ तांदळाची कुरकुरीत बिस्किटं मिळतात. तोंडात टाकल्यावर चव लागते मिठाची. १९२० च्या दशकात तिथे ‘सॅलड तेल’ बाजारात आलं, म्हणजे थंडीतही न गढुळणारं शुद्ध खाद्यतेल, कच्चं खाण्याजोगं. सॅलड हा शब्द तेव्हा नवा आणि झकपक होता. पुढे त्या तेलाचा हात लावून मीठ भुरभुरलेल्या बिस्किटांना ‘सॅलड’ हे नाव चिकटलं ते कायमचं.

दाण्याच्या कुटाचा विषय निघालाच आहे तर ब्रह्मदेशाबद्दल सांगायला हवं. कच्च्या भाजीला मीठ लागलं की तिला पाणी सुटतं, आणि त्या पाण्याचं करायचं काय हा कुठल्याही सॅलडपुढचा खरा तांत्रिक प्रश्न आहे. जिलेटिन ते पाणी गोठवतं. मेयोनेज भाजीला लपेटून बसतं. आपण कूट घालतो, तो पाणी पिऊन दाट होतो. ब्रह्मदेशात हेच काम भाजलेलं हरभऱ्याचं पीठ करतं. तिथे ‘थोक’ म्हणजे हाताने कालवलेले पदार्थ: आल्याचे, टोमॅटोचे, शेवयांचे, अगदी भाताचेही. पीठ, दाणे, तळलेला लसूण, तेल, लिंबू घालून बोटांनी चुरत कालवायचं. आपली पचडी कालवताना हात जसा चालतो, जवळजवळ तसाच. या सगळ्यांत मानाचं ते लाफेत थोक, मुरवलेल्या चहाच्या पानांचं. कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन्‌महिने आंबवायची आणि मग तेलात कालवायची. पाहुण्यापुढे लाखेच्या कप्पेदार डब्यात मधोमध मुरवलेला चहा आणि भोवती तळलेल्या डाळी, दाणे, तीळ, सुका जवळा ठेवतात. जेवण झाल्यावर हे खायची पद्धत आहे, आणि चहात असतं तेच कॅफिन इथेही असल्यामुळे रात्री उशिरा खाल्लं तर झोप उडते. जुन्या काळी तिथे दिवाणी तंट्याचा निवाडा झाला की हाच मुरवलेला चहा पुढे येई. तो खाल्ला म्हणजे निकाल मान्य, असा रिवाज होता.